हुलग्याच्या शिट्ट्या

तुळजापूर वेशीकडच्या त्या गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतंय हे कुणी कुणाला विचारत नाही. विचारायचं कशाला? देवानं कान दिलेत की. दोन शिट्ट्या झाल्या की बटाटे, तीन झाल्या की वरण-भात, पाच झाल्या की छोले, म्हणजे त्या घरी पाहुणे आलेत. घरमालक सिद्धाप्पा अण्णा तर अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचता वाचता अख्ख्या गल्लीच्या शिट्ट्या मोजायचे. सारी नोकरी बाजार समितीत पोती मोजण्यात गेली. निवृत्त झाल्यावर पोती सुटली, मोजायची खोड काही सुटली नाही.

अशा माणसाच्या अंगणात, मागच्या दोन खोल्यांत, बाळाबाई राहायला आली होती. आणि तिच्या खोलीतून अधूनमधून रविवारी आठ-आठ शिट्ट्या निघायच्या.

बाळाबाई सांगोल्याकडची, धनगराघरची. लग्न होऊन आली ती मेंढरांच्या मागंच आली म्हणा ना. नवरा बिरप्पा पुढं, मेंढरं मधे, बिऱ्हाड घोड्यावर आणि ही मागं. पावसाळा सरला की निघायचं, कुणाच्या तरी रानात तळ टाकायचा, तीन दगडांची चूल मांडायची. शाळा तिनं लांबूनच पाहिली. पण चुलीपुढं तिला कुणी काही शिकवावं अशी कुणाची छाती नव्हती. मटण शिजवायचं तर पितळी पातेल्यात. वर खोलगट ताटली ठेवायची आणि ताटलीत पाणी ओतायचं. आतली वाफ वर यायची, ताटलीच्या गार बुडाला लागून तिचं परत पाणी व्हायचं आणि ते थेंब थेंब खाली पडायचं. रस आटत नसे, वास रानभर होत नसे. वरचं पाणी कढत झालं की तेच रश्श्यात ओतायचं, कारण गार पाणी पडलं की मटण आखडतं.

"वाफ म्हंजी मेंढरू," बाळाबाई सांगायची. "एक फट गावली की एकामागं एक समदी भाईर. वर राखण्या बसाया पायजे."

पुढं बिरप्पा गेला. एकटीच्यानं मेंढरं राखवेनात, ती विकली. पोराचं, धनाजीचं, लग्न तिनं आपल्या भावाच्या पोरीशी, प्रियंकाशी, लावून दिलं. धनाजी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलचा टेम्पो चालवायला लागला, तशी ती दोघांच्या मागं सोलापुरात आली. इथं मागं चालायला मेंढरं नव्हती, एवढाच काय तो फरक.

खोली बघायला गेले त्या दिवशी सिद्धाप्पांनी एकच अट घातली. "आम्ही लिंगायत. तुम्ही पाहुणे आणा, उशिरा या, टीव्ही मोठ्यानं लावा, मी चकार शब्द काढणार नाही. पण माझ्या घरात मांसमच्छी शिजलेली चालणार नाही."

"छ्या छ्या अण्णा! आमच्यात कोणच खात न्हाय," धनाजी म्हणाला. पोरगा पापणी न हलवता धडधडीत खोटं बोलला आणि बाळाबाई शेजारी उभी राहून पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली. तिची कानशिलं तापली. पण करणार काय? तीन ठिकाणी आडनाव ऐकून "बघू, कळवतो" झालं होतं. प्रियंकाला दिवस गेलेले, दवाखाना इथून चालत जाण्यासारखा. म्हातारी गप्प बसली. गप्प बसणं हेही खोटंच असतं, हे तिला त्या दिवशीही कळत होतं.

काही दिवस जिभेला लगाम घातला. पण पिढ्यान्‌पिढ्याची जीभ ती, किती दिवस ऐकणार? एका रविवारी धनाजी पिशवीत खाली मटण, वर मेथीच्या दोन जुड्या असा साळसूद परत आला. खिडक्या लावल्या, ऊद पेटवला, कुकर चढवला. पहिली शिट्टी झाली तेव्हा बाळाबाई दचकून दारापर्यंत पळाली होती. तिला वाटलं घरात इंजिन शिरलं. प्रियंका पोट धरून हसली. सात झाल्या, आठ झाल्या, आणि बाहेरून अण्णांचा आवाज आला, "बाळाबाई! आज काय एवढं शिजतंय? आठ मोजल्या मी!"

आत तिघांचेही चेहरे पडले. बाळाबाईच्या तोंडून कसंबसं निघालं, "हुलगं हायती, अण्णा. आमच्याकडलं हुलगं लई कडक."

झालं! खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगीच नाही. दुसऱ्या दिवशी अण्णांची बायको महेश्वरी अक्का दारात हजर. गोरी, ठेंगणी, कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग. तिच्या बोलण्यात निम्मी कन्नड, निम्मी मराठी आणि माया मात्र सगळी एकाच भाषेत. "बाळाबाई, हुलगे आदल्या रात्री भिजत घाला की हो. चिमूटभर सोडा टाका. आठ शिट्ट्या म्हणजे गॅस किती जातो! आणि त्याचं पाणी, ते कळण, थोडं माझ्यासाठी ठेवत जा. माझ्या अव्वाच्या हातचं खाल्लं होतं, त्यानंतर तशी चव नाही."

मग काय, धनाजीला पळवून खरेखुरे हुलगे आणवले, कळण केलं, वर लसणाची फोडणी दिली आणि बाळाबाई वाटी घेऊन गेली. अक्कानं ते उभ्या उभ्याच भुरकलं. "आई गं! काय चव आहे तुमच्या हाताला!" असं म्हणताना तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. बाळाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर तिनं झेलल्या असत्या. हे कौतुक कुठं ठेवायचं तेच तिला कळेना. त्यानंतर जेव्हा जेव्हा आठ शिट्ट्या झाल्या, तेव्हा तेव्हा दुसऱ्या दिवशी तिनं हुलग्याचं कळण केलं आणि अक्काला नेऊन दिलं.

प्रियंका बाळंत झाली. पोट फाडून मूल काढावं लागलं. पोरगी झाली, चांगली धडधाकट, पण प्रियंकाच्या तोंडावरचं रक्त पार गेलं. उठून बसली की भोवळ येई. दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या ती घेत होती, पण बाळाबाईचा गोळ्यांवर किती विश्वास असणार? "पायाचा रस्सा पोटात गेल्याबिगर बाळंतिणीच्या हाडात जीव येत न्हाय," तिनं धनाजीला सांगितलं. बकऱ्याचे चार पाय भाजून, साफ करून आण म्हणाली. धनाजीनं आणले.

आता पाय म्हणजे मटण नव्हे. त्याला वीसेक शिट्ट्या हव्यात, तेव्हा कुठं हाड सुटतं. आणि वीस शिट्ट्यांचे हुलगे अजून कुठल्या रानात पिकलेले नाहीत. म्हणून तिनं सोमवार निवडला. सोमवारी अक्का सिद्धेश्वराला जायची आणि दुपारपर्यंत देवळातच असायची. अण्णाही त्या दिवशी मोहोळला साडूकडं गेले होते. शंकराच्या वारी, लिंगायताच्या घरात, बकऱ्याचे पाय! बाळाबाईनं भिंतीवरच्या बिरोबाच्या तसबिरीपुढं स्वतःच्या गालावर दोन्ही हातांनी मारून घेतलं आणि गॅस पेटवला.

"आत्या," आतून प्रियंका क्षीण आवाजात म्हणाली, "एक शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करा. मग शिट्टी हुत न्हाय, आतल्या आत शिजतंय."

पोरगी शहाणी होती, बरोबर सांगत होती. बाळाबाईनं तसंच केलं. पण ती पहिली शिट्टी झाली तीच अशी दणदणीत की माडीवरची भाडेकरीण खोकली. खोकलीच फक्त, तिला खोकला होता! पण चोराच्या मनात चांदणं. बाळाबाईला वाटलं, हिनं ओळखलं. आणि बारीक गॅसवर ते पाय कधी शिजणार? अक्का यायच्या आत सगळं उरकायला हवं होतं. मग तिला तिची ताटली आठवली. वर पाणी, खाली वाफ. तिनं ओलं फडकं शिट्टीवर गच्च आवळलं, त्याची टोकं कुकरच्या दांड्याला बांधली, वर लोखंडी खल ठेवला, तो पाण्यानं काठोकाठ भरला आणि गॅस मोठा केला.

कुकर चिडीचूप झाला. म्हातारीला आपल्या अकलेचं कौतुकच वाटलं. नातीच्या अंगाला तेल चोळत बसली आणि तोंडानं काहीतरी गुणगुणायलाही लागली. पातेल्यावरच्या त्या ताटलीच्या कडेनं वाफेला जायला वाट असायची, ही गोष्ट तिच्या उभ्या जन्मात ध्यानात आली नव्हती. राखण्या वर बसायचा खरा, पण कुंपण फटीफटीचं होतं म्हणून मेंढरं चेंगरत नव्हती. इथं तिनं सगळ्या फटी बुजवल्या होत्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो तिनं कुकरला चालवला होता.

आणि नेमक्या त्याच वेळी महेश्वरी अक्का दारात आली. देवळात कुणाचा तरी प्रसाद होता, हुग्गी केली होती. गव्हाची गरम खीर बाळंतिणीला द्यावी म्हणून ती दर्शन अर्धवट सोडून डबा घेऊन लगबगीनं आली होती. "बाळाबाई, अहो, पोरीला गरम गरम..." एवढंच ती बोलली.

फट्ट करून आवाज झाला. झाकणावरचं बूच उडालं आणि पांढऱ्या वाफेचा सोट थेट छताला जाऊन भिडला. खल पडला, पाणी सांडलं. पोर किंचाळली. बाळाबाई जागच्या जागी थिजली. तिला नातीला उचलायचंही सुचलं नाही. अक्का मात्र डबा टाकून ओट्याकडं धावली आणि तिनं गॅसची कळ फिरवली. फिरवता फिरवता तो कढत फवारा तिच्या उजव्या हातावर आला, मनगटापासून कोपरापर्यंत. "अय्योऽ शिवाऽ!" म्हणून तिनं हात मागं ओढला, तो दांड्यात अडकला आणि कुकर धाडकन खाली आला. दांडा मोडला, झाकण निसटलं. पिवळा तेलकट रस्सा फरशीभर झाला आणि त्यात चार पाय, खुरांजवळचे सांधे सुटलेले, पांढरेशुभ्र, इकडं तिकडं लोळत पडले.

अक्काचा डावा हात आधी गळ्यातल्या लिंगाकडं गेला. तिनं ते मुठीत झाकून घेतलं. मग ती तशीच मोरीकडं वळली, कोपरानं तोटी फिरवली. तोटी कोरडी. सोलापुरात नळाला पाणी काय रोज येतंय? पाणी होतं ते बाळाबाईच्या पाठीमागच्या पिंपात.

"बाळाबाई, पाणी," ती म्हणाली. "पाणी घाला हो हातावर."

"आले, आले," बाळाबाई म्हणाली. आणि ती खाली बसली. फरशीवर बसली आणि हाडं वेचायला लागली. एक उचललं, पदरात टाकलं. दुसरं उचललं. तिसरं ओट्याखाली गेलं होतं, तिथं हात घालून काढलं. हाडं निखाऱ्यासारखी होती, तिच्या बोटांना चटके बसत होते, पदरातून पोटाला भाजत होतं, तरी ती वेचत होती.

"बाळाबाई, पाणी!"

"आले, अक्का."

चौथं सापडेना म्हणून तिनं गॅसची टाकी सरकवली. वर बघितलं तेव्हा अक्का तिच्याकडं बघत होती. हात लालभडक झाला होता, वर कातडी सुरकुतत होती. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मग पलंगावरून प्रियंका, टाके धरून, भिंतीचा आधार घेत आली, तिनं पिंपातून तांब्या भरला आणि अक्काच्या हातावर ओतला. ओली बाळंतीण ती! बाळाबाई पदरात हाडं धरून उभी राहिली.

अक्का तशीच घरी गेली. पोळलेल्या हातानंच तिनं डोक्यावरून आंघोळ केली, मगच दवाखान्यात गेली. इकडं बाळाबाईनं फरशी धुतली, फिनेल टाकलं, ऊद लावला, हाडं पिशवीत घालून लांब नाल्याकडं टाकून आली. संध्याकाळी अण्णा मोहोळहून परतले, तेव्हा बाळाबाई दाराआड उभी राहून ऐकत होती. खोली आता जाणार, हातात तान्हं घेऊन कुठं जायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आणि समोरच्या घरातून अक्काचा शांत आवाज आला, "हुलग्याचा कुकर उडाला त्यांचा. टरफल अडकलं असेल शिट्टीत. मी मधे गेले."

"वाचलो बाई," प्रियंका म्हणाली. धनाजीनं तर देवाला हात जोडले. "आता गप ऱ्हावा, आये. झाकली मूठ सव्वा लाखाची."

बाळाबाई त्या रात्री जेवली नाही. पोटावर आणि तळहातावर फोड आले होते, ते तिनं कुणाला दाखवले नाहीत.

खरा जाच पुढंच होता. अण्णांनी मोडका कुकर स्वतः उचलून नेला, नवा दांडा, नवी रिंग, नवं बूच बसवून आणलं आणि बाळाबाईपुढं खुर्ची टाकून शिकवणी घेतली. "हे बघा बाळाबाई. उघड्या भांड्यात पाणी कितीही जाळ घाला, एका हद्दीपलीकडं तापत नाही. जास्तीची सगळी धग वाफ घेऊन जाते. कोंडलं की ती हद्द पुढं सरकते, म्हणून कडकातलं कडक लवकर शिजतं. पण वाफेला वाट पाहिजे. शिट्टी ही एक वाट. ती चोंदली तर हे बूच उडतं, ही दुसरी वाट. दोन्ही बंद झाल्या तर कुकर फुटतो, मग माणूस राहत नाही." ते बूच बोटावर धरून दाखवत होते आणि बाळाबाई "व्हय अण्णा, व्हय अण्णा" करत होती. तुमच्या बायकोचा हात मी जाळला, आणि तुम्ही माझा कुकर दुरुस्त करताय, हे तिच्या गळ्यापर्यंत यायचं आणि तिथंच बसायचं.

अक्का आता येत नव्हती. अंगणात दिसली की हात पदराखाली घ्यायची आणि "बरं आहे ना पोरीचं?" एवढं विचारून आत जायची. दर वेळी बाळाबाईला ऐकू यायचं ते दुसरंच. बाळाबाई, पाणी.

मग छताचा डाग निघाला. वाफेबरोबर चरबी उडाली होती, ओट्याच्या बरोबर वर परातीएवढा पिवळा डाग. अण्णांना घरावर डाग खपत नाही. शिडी लावून त्यांनी चुन्याचा हात मारला. वाळल्यावर डाग पुन्हा वर आला. पुन्हा हात मारला, पुन्हा आला. ओशटावर चुना धरतोय होय? तिसऱ्यांदा चढले ते ब्रश न भिजवताच. नखानं खरवडून बघितलं, बोटावर चोळलं आणि म्हणाले, "हुलग्याला एवढं तेल? कमाल आहे."

खाली बाळाबाई शिडी धरून उभी होती. प्रियंका आत पोरीला पाजत होती. दारात अक्का केव्हा येऊन उभी राहिली कुणाला कळलं नाही. तिच्या हाताला पट्टी होती.

"शेंगदाण्याचं कूट घालतात त्या हुलग्यात," अक्का म्हणाली. "तेल सुटलं असेल त्याचं. घालता ना हो, बाळाबाई?"

आणि तिनं बाळाबाईकडं बघितलं. नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. एक अक्षर. खोली राहिली असती, मूठ झाकली राहिली असती, पोर सुखानं दूध प्याली असती. तिनं तोंड उघडलं आणि 'व्हय' काही निघेना.

"न्हाय, अण्णा," ती म्हणाली. "हुलगं न्हवतं. बकऱ्याचं पाय हुतं."

अण्णांनी ते ओशट बोट अंगापासून लांब धरलं.

"रयवारी बी हुलगं नसायचं. मटान असायचं. आमी खातो, अण्णा. पयल्या दिशीच खोटं बोललो." एकदा सुटलं तसं मग थांबेना. "अन् शिट्टी चोंदली न्हवती, म्याच फडकं बांधलं, तुमच्या मोजण्याच्या भ्यानं. ते बी ऱ्हाऊ द्या. अक्कांचा हात जळला, त्या पानी मागत हुत्या. दोनदा मागितलं, अण्णा. पिंप माज्या पाठीशी हुतं. अन् मी भांचोद हाडं येचत बसले!"

अण्णा हळूहळू शिडीवरून उतरले. ब्रश बादलीत ठेवला. बाळाबाईकडं न बघता त्यांनी बायकोला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"हुलगे मीही शिजवते की," अक्का म्हणाली. "आठ शिट्ट्या नाही लागत. पोर पोटुशी होती, कुठं जातील म्हटलं."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाळाबाई, खाता ते तुमचं. ज्याचा त्याचा देव बघून घेईल. पण ही लग्न झाल्यापासून माझ्याशी कधी खोटं बोलली नव्हती हो. ती तुमच्यापायी बोलली." मग त्यांनी आत, पोरीकडं बघितलं. "बाळंतिणीचा सव्वा महिना होऊ द्या. तान्ह्या पोरीला घेऊन उघड्यावर जाऊ नका. मग दुसरी खोली बघा." बादली उचलून ते निघून गेले. डाग तसाच राहिला.

बाळाबाई खाली बसली आणि तिनं पदरात तोंड घातलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं. खोली गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं काहीतरी होतं आणि ते कमी व्हायला तयार नव्हतं. अक्का जाईल असं तिला वाटलं. पण ती गेली नाही.

"पोरीला मिळाला का शेवटी तो रस्सा?" अक्कानं विचारलं.

बाळाबाईनं मान हलवली. "न्हाय. नाल्यात टाकलं समदं."

अक्का मोरीच्या उंबऱ्याशी बसली आणि डाव्या हातानं पट्टीची गाठ सोडायला लागली. पट्टी थराथरानं उलगडली. खाली कोवळी गुलाबी कातडी होती, मनगटापासून कोपरापर्यंत, कडेला अजून ओली. तिनं तो हात मोरीवर लांब केला.

"डॉक्टरांनी धुवून नवी पट्टी बांधायला सांगितलंय," ती म्हणाली. "पाणी घाला, बाळाबाई."

बाळाबाई उठली. पिंपातून तांब्या भरला. तिच्या तळहातावरचे वाळलेले फोड अक्काला दिसले. बाळाबाईनं तांब्या कलता केला, निम्मं पाणी उंबऱ्यावरच सांडलं.

"अजून घाला," अक्का म्हणाली.